डाउनलोड मॅनेजर कुठला वापरता आणि का? कोल्हापूरकरांनो, अनुभव लिहा

राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. विंडोज टाकून दिलं की गिऱ्हाइकाचं पुढचं वाक्य ठरलेलं: "तेवढं आयडीएम (इंटरनेट डाउनलोड मॅनेजर) टाका की." कशाला हवंय विचारलं तर उत्तर एकच, "स्पीड वाढतोय." म्हणून हा धागा.

आधी स्पीडचा हिशेब. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट; म्हणून अशा लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी (मेगाबाइट) येतात. कुठलंही सॉफ्टवेअर तेरावा एमबी आणून देत नाही. ही सॉफ्टवेअर करतात काय, तर फाइलचे तुकडे पाडून एकाच वेळी अनेक कनेक्शननी खेचतात. सर्व्हर दर कनेक्शनला वेग बांधून देत असेल, किंवा पार अमेरिका-युरोपात असेल, तर फरक दिसतो. लांबच्या सर्व्हरशी "पोचलं, पुढचं पाठव" एवढं बोलण्यातच वेळ जातो, आणि एकट्या कनेक्शनची लाइन निम्मी रिकामी राहते. पण ब्राउझरनंच लाइन भरून घेतली असेल तर बाकी सगळा दिखावा.

मला या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग वाटतो तो तुटल्यावर जोडून घेण्याचा. वळवाच्या पावसात वीज गेली, राउटर बंद पडला, तरी जिथं थांबलं तिथून पुढं. त्यालाही सर्व्हरची तयारी लागते म्हणा. "अमुक बाइटपासून पुढचं दे" हे सर्व्हरनं मानलं तर तो २०६ हा कोड देऊन तेवढंच पाठवतो. न मानणारा २०० देतो आणि सगळी फाइल पुन्हा पहिल्यापासून.

तर कसल्या फाइली उतरवता, लाइन कसली, काय वापरता, कुठं अडलं ते लिहा. नुसतं "आयडीएम बेस्ट" नको.

उद्यमनगर, डिझाइन ऑफिस

बेस्ट म्हणायचं नाही तर नाही म्हणत, पण आम्ही आयडीएमच वापरतो आणि विकत घेऊन वापरतो. कॅड सॉफ्टवेअरचे सेटअप एकेक दहा-पंधरा जीबीचे असतात, वर कास्टिंगच्या असेंब्लीच्या फाइली. तीस दिवस फुकट चालतं, पुढं लायसन्स. पलीकडच्या ऑफिसात लायसन्स चुकवायचं क्रॅक टाकलेलं होतं. "बनावट सीरियल नंबर" म्हणून खिडकी यायची आणि सगळे सवयीनं ती बंद करून कामाला लागायचे. तीही एक वेळ चालेल, पण त्या क्रॅकसाठी अँटिव्हायरस बंद ठेवला होता. कंपन्यांची ड्रॉइंग असलेल्या मशीनवर!

दोन गोष्टी कुणी सांगत नाही त्या सांगतो. आयडीएम तुकडे आधी सी ड्राइव्हवरच्या तात्पुरत्या फोल्डरात ठेवतं आणि शेवटी जोडून तुमच्या जागी टाकतं. लहान एसएसडी असली की डी ड्राइव्हवर रान मोकळं असूनही "जागा नाही" येतं. ऑप्शन्समध्ये 'सेव्ह टू'त जाऊन ते फोल्डर बदला. दुसरी गोष्ट म्हणजे, लॉगिन करून मिळालेल्या लिंका काही तासांत मरतात. अर्धी उतरलेली फाइल टाकून देऊ नका. तिच्यावर राइट क्लिक करून 'रिफ्रेश डाउनलोड ॲड्रेस' घ्या, साइटवर परत लॉगिन करून डाउनलोड दाबा, नवी लिंक जुन्या तुकड्यांना चिकटते. आमचे पैसे या एका सोयीत वसूल झाले.

शाहूपुरी, लग्नाचे फोटो-व्हिडिओ

आयडीएमवाल्यांनी आमच्या धंद्यात येऊन दाखवावं! ड्रोनवाला पुण्यातून ८०-९० जीबीचं फोल्डर क्लाउडवर टाकतो. आख्खं फोल्डर निवडून डाउनलोड दाबलं की सर्व्हर जागच्या जागी झिप बांधत बांधत पाठवतो. एकूण साइज किती होणार ते त्यालाच माहीत नसतं, म्हणून किती वेळ उरला तेही दिसत नाही. मध्ये तुटलं तर जोडायचं कुणाशी? ती झिप तिकडं कुठं ठेवलेलीच नसते. आणि अशी लिंक मॅनेजरला नुसती चिकटवली की बरेचदा शंभरेक केबीची फाइल हाती लागते. उघडून बघावं तर लॉगिनचं पान.

मी आता आरक्लोन वापरतो. तो डाउनलोड मॅनेजर नव्हेच, क्लाउडवरून कॉपी करायची कमांड आहे. एकदा खातं जोडून दिलं की एकेक फाइल वेगळी आणतो, आलेल्या असतात त्या सोडून देतो, आणि क्लाउडनं चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) दिला असेल तर तो ताडून बघतो. तुटलं की तीच कमांड पुन्हा. काळी खिडकी बघून आधी अंगावर काटा आला, पण पोरानं बॅच फाइल करून दिली. डबल क्लिक करायचं आणि मिसळ खाऊन यायचं.

आल्बम डिझायनरला माझं एवढंच सांगणं, झिप तुम्ही स्वतः करून वर चढवा. तयार झिप असली की कुठलाही मॅनेजर जोडून घेतो.

कसबा बावडा

क्रोम पुरतो की राव. त्याच्या फ्लॅग्जच्या (प्रायोगिक सेटिंगच्या) पानावर 'पॅरलल डाउनलोडिंग' चालू करा, तोही तुकडे पाडतो. उगंच एक सॉफ्टवेअर कशाला वाढवायचं.

राजारामपुरी (धागाकर्ता)

@कसबा बावडा, एक-दोन जीबीपर्यंत मान्य. पण रात्रभर चालणारं, रांगेत लावलेलं काम असेल तर क्रोम हात वर करतो. आणि टॅब बंद करता करता घरात कुणीतरी आख्खा ब्राउझर बंद करतंच.

शिवाजी विद्यापीठ, भूगोल, पीएचडी

पंचगंगेच्या पुराचं काम करते, म्हणजे २०१९ आणि २०२१ च्या उपग्रह-प्रतिमा. सेंटिनेल-२ उपग्रहाची एक टाइल (प्रतिमेचा चौकोनी तुकडा) साधारण एक जीबीच्या आसपास, आणि तारखांमागून तारखा लागतात. एकेक लिंक दाबत बसणं शक्यच नाही. मी लिनक्सवर एरिया२ हा कमांडनं चालणारा डाउनलोडर चालवते: लिंकांची यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये, एक कमांड, संपला विषय. खिडकी हवी असेल तर मोट्रिक्स घ्या, आत एरिया२च आहे.

एरिया२ वाल्यांसाठी. 'एक्स'चा पर्याय एका सर्व्हरला १६ कनेक्शनपर्यंत जातो, पण फाइल लहान असेल तर १६ लिहूनही तेवढी उघडत नाहीत. तुकड्याचा किमान आकार मुळात २० एमबी ठरवलेला असतो, 'के'च्या पर्यायानं तो कमी करावा लागतो. फाइलशेजारी त्याच नावाची, शेवटी '.एरिया२' लागलेली बारकी फाइल दिसते. कुठला तुकडा आला, कुठला नाही, याची ती वही आहे. डाउनलोड पुरं होईपर्यंत तिला हात लावायचा नाही.

आणि १६ म्हणजे शौर्य नव्हे. संशोधनाच्या साइट एका खात्याला मोजकीच कनेक्शन देतात. जास्त उघडली की ४२९ येतो, म्हणजे "मागण्या फार झाल्या". मी दोनवर ठेवते आणि रात्री लावून झोपते. सकाळी सगळं आलेलं असतं.

मंगळवार पेठ

हे रात्री लावून झोपणं आम्हाला शिकवू नका हो ताई! बीएसएनएलचा तो प्लॅन आठवतोय का कुणाला, रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोजायचेच नाहीत? दोन एमबीपीएसची लाइन, म्हणजे सेकंदाला पाव एमबी. ७०० एमबीची सीडी उतरायला पाऊण तास, आणि सहा तासांत फार तर पाच जीबी. मॅनेजर आम्ही निवडला तो शेड्युलर बघून: दोनला सुरू, आठच्या आधी बंद, पीसी शटडाउन. बाराच्या आत झोपायचं आणि मशीनला जागं ठेवायचं. फ्लॅशगेट, गेटराइट, डॅप सगळी पाळी-पाळीनं झाली.

त्या काळातली नावं आज शोधून टाकू नका, एवढ्यासाठी लिहायला घेतलं. ऑर्बिट डाउनलोडर घ्या, एके काळी घरोघरी होता. २०१३ मध्ये इसेट कंपनीला त्याच्यात असा भाग सापडला, की वापरणाऱ्याच्या मशीनवरून दुसऱ्यांच्या साइटवर मागण्यांचा मारा व्हायचा. आपल्याला वाटायचं नेट स्लो आहे! फ्री डाउनलोड मॅनेजर मीही वापरतो, फुकट आहे, जाहिरात नाही, टोरंटही घेतो. पण २०२३ मध्ये कॅस्परस्कीनं दाखवून दिलं, की त्याच्या मूळ साइटवरूनच २०२० ते २०२२ दरम्यान काही लिनक्सवाल्यांना भलत्याच ठिकाणी वळवून विषारी डेबियन पॅकेज (लिनक्सवर टाकायची सॉफ्टवेअरची फाइल) दिलं जात होतं. तेव्हा लिनक्सवर डिस्ट्रोच्या, म्हणजे तुमच्या लिनक्सच्या आवृत्तीच्या, अधिकृत भांडारात जे मिळतं तेच घ्यावं, या मताचा मी झालोय. हे सॉफ्टवेअर ब्राउझरच्या मानगुटीवर बसतं, तुमची प्रत्येक लिंक बघतं. स्पीडपेक्षा त्याचं घराणं बघा.

गगनबावडा रोड

आमच्याकडं लाइन न्हाई, मोबाइलच. वनडीएम टाकलंय. पोरगं म्हणालं बत्तीस पार्ट कर, लई पळतंय. केलं. काय बी फरक न्हाई. विहिरीत पाणी तेवढंच, पाइपा वाढवून काय हुणार? टॉवरवर गर्दी असली की बत्तीस काय आन् चार काय. चारवर ठेवलंय, निवांत चालतंय. पावसाळ्यात रेंज घडीत हाय, घडीत न्हाई, तवा 'परत प्रयत्न कर'ची सेटिंग तेवढी चालू ठेवा. आन् बॅटरीच्या सेटिंगमदी त्या ॲपला मोकळं सोडा, न्हाईतर स्क्रीन बंद झाली की फोन त्याचा गळा दाबतोय.

राजारामपुरी (धागाकर्ता)

विहिरीचं लिहिलंय ते प्रिंट काढून दुकानात लावणार. विचारल्याशिवाय.

इचलकरंजी

माझा प्रश्न आहे. मुलीच्या कॉलेजसाठी लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉल करायच्या डिस्कची एकच फाइल) उतरवतोय, सहा जीबी. थेट पेनड्राइव्हवर सेव्ह लावलं की चार जीबीच्या आसपास येऊन एरर. दोन वेगवेगळे मॅनेजर बघितले, तेच. सर्व्हरची मर्यादा असते का अशी?

राजारामपुरी (धागाकर्ता)

सर्व्हर नाही, पेनड्राइव्ह. तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट आहे, आणि त्यात एक फाइल चार जीबीच्या वर मावतच नाही. एक्सफॅट करा, त्याआधी आतला डेटा काढून घ्या. किंवा आयएसओ हार्डडिस्कवरच उतरवा, पेनड्राइव्ह तिथून बनवा, ते जास्त बरं. साइटवर टोरंट दिलं असेल तर एवढ्या फाइलला तेच घ्या, प्रत्येक तुकडा आपोआप तपासला जातो. साधं डाउनलोड केलंत तर साइटवरचा शा-२५६ चा आकडा (तोही चेकसमच) ताडून बघा. विंडोजमध्ये सर्टयुटिल म्हणून कमांड आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून गप्प बसू नका, सगळा आकडा जुळवा. जुळला नाही तर इथं लिहा, मॅनेजर आणि लाइन कुठली तेही सांगा.

इचलकरंजी

फॅट३२ च निघाला. हार्डडिस्कवर लावलंय, ६२ टक्के.