ऑगस्टीन: देवावर जास्त प्रेम म्हणजे घरच्यांवर कमी?

पायवाट: अभ्यासगटात चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन याची 'प्रेमाचा क्रम' ही कल्पना घ्यायची आहे. फळ्यावर देव, कुटुंब, शेजारी, काम अशी उतरंड लिहिली की हमखास प्रश्न येतो: वेळ कमी पडला तर घरच्यांचा कापायचा का? त्यात बायबलमध्ये लूक १४:२६ इथे येशू आईबापांचा 'द्वेष' करायला सांगतो. हे कसं समजावायचं? आणि सुखाचा याच्याशी संबंध काय?

समासटीप: आधी ती उतरंड पुसा. ऑगस्टीनने वेळापत्रक दिलेलंच नाही. 'ख्रिस्ती शिकवण' या ग्रंथाच्या पहिल्या भागात तो प्रेमाचे चार विषय सांगतो: आपल्या वर आहे ते, आपण स्वतः, आपल्या बरोबरीचे आणि आपल्या खालचं, म्हणजे शरीर. स्वतःवर आणि शरीरावर प्रेम करायला कुणी सांगावं लागत नाही, म्हणून आज्ञा दोनच: देवावर प्रेम करा आणि शेजाऱ्यावर प्रेम करा.

क्रम म्हणजे कुणाला किती तास हे नव्हे. दोन प्रेमं आमनेसामने आली की कुणी कुणापुढे वाकायचं, हा खरा प्रश्न. पोरगा कॉपी करताना सापडला आणि बाप शाळेत खोटं बोलून त्याला सोडवतो. आपण म्हणतो, माया फार. पण इथे पोराची अब्रू खरेपणाच्या डोक्यावर बसली आहे, आणि माया आटवून ते सुधारत नाही. 'देवाचे नगर'मध्ये (भाग १५, अध्याय २२) कंजुषाचं उदाहरण आहे: तो सोन्यासाठी न्याय सोडतो तेव्हा खोट सोन्यात नसते. 'प्रेमाचा क्रम' ही सद्गुणाची व्याख्या तिथेच येते.

गटात सुरुवात मात्र अंगठीपासून करा. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रावरच्या ऑगस्टीनच्या प्रवचनांत ती आहे. नवरा नवरीसाठी अंगठी घडवतो आणि ती म्हणते, "अंगठी पुरे, त्याचं तोंड आता बघायचं नाही." नवरा म्हणजे देव, अंगठी म्हणजे त्याने घडवलेलं जग. अंगठी आवडण्यात चूक काहीच नाही, दिली ती आवडावी म्हणूनच. हे ऐकल्यावर 'कमी-जास्त'चा घोळ बराचसा आपोआप सुटतो.

शब्दवेल्हाळ: 'द्वेष' ही तिथली बोलण्याची रीत आहे. उत्पत्ती २९:३० मध्ये याकोबाच्या दोन बायकांपैकी राहेलवर त्याची लेआपेक्षा अधिक प्रीती होती असं आहे, आणि लगेच पुढच्या ओवीत मूळ हिब्रूत लेआ 'द्वेष केलेली' ठरते. आपल्या कहाण्यांतली आवडती-नावडती राणी आठवा, तसंच. मत्तय १०:३७ मध्ये हीच शिकवण 'माझ्यापेक्षा अधिक' अशा शब्दांत आहे. दोन्ही वचनं शेजारी ठेवून वाचायला द्या, भाषण नको.

तिसरा_प्रहर: सुखाबद्दल ऑगस्टीनचाच 'सुखी जीवन' हा छोटा संवाद घ्या. साल ३८६, १३ नोव्हेंबर, ऑगस्टीनचा वाढदिवस, बोलणं तीन दिवस चालतं. हवं ते मिळालं की माणूस सुखी का, असं तो विचारतो. उत्तर आई मोनिका देते: चांगलं हवं असेल आणि मिळालं तर सुखी, वाईट हवं असेल तर मिळूनही दुःखीच. तत्त्वज्ञानाचा गडच सर केलास, असं तो तिला म्हणतो. मग पुढची पायरी: जे हातून जाऊ शकतं त्याच्यावर सगळं सुख टांगलं, तर ते हातात असतानाही भीती सुटत नाही. म्हणून क्रम चुकला की आधी दिसते ती भीती. गटाला विचारा, काय गेलं तर जगण्यात अर्थच उरणार नाही असं वाटतं? सगळ्यांसमोर नको, चिठ्ठीवर लिहू द्या.

उलटतपासणी: एक अडचण मात्र झाकू नका. देवात रमायचं, बाकी सगळं त्याच्याकडे जाण्यासाठी 'वापरायचं', असं ऑगस्टीन म्हणतो. मग बायकोलाही वापरायचं? मराठीत हे कानाला फारच वाईट लागतं. माणसाच्या बाबतीत हा शब्द बसतो का, हा प्रश्न त्यानेच उपस्थित केला आहे. नंतर 'देवामध्ये एकमेकांत रमणं' असंही तो म्हणतो. शिकवताना तेच घ्या, 'वापर' टाळा.

जवळच्या-लांबच्यांच्या हिशेबात मला तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस जास्त उपयोगी वाटतो ('ईशज्ञानसार', दुसऱ्या भागाचा दुसरा विभाग, प्रश्न २६). त्याच्या मते जिव्हाळा जवळच्यांविषयी जास्त असणं योग्यच. नातंही प्रसंगाप्रमाणे बघायचं: घरच्या बाबतीत रक्ताचं, नागरी व्यवहारात सहनागरिकाचं, रणांगणावर सोबतच्या सैनिकाचं.

पायवाट: उतरंड पुसली. पण दोघं सारखेच गरजू, नातंही सारखंच आणि देण्याजोगी वस्तू एकच असेल तर?

समासटीप: ऑगस्टीनच्या 'ख्रिस्ती शिकवण'च्या त्याच पहिल्या भागात, अध्याय २८: चिठ्ठी टाका. स्थळकाळाच्या योगाने जे आपल्याजवळ आले, तेही जणू चिठ्ठीनेच वाट्याला आले असं तो धरतो. सगळ्यांचं भलं करणं आपल्या हाती नसतं, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करायची.