चेनिन ब्लांकची २४ वर्षांची बाग ठेवावी की काढावी?

प्रश्न (दिंडोरी)
आमच्या एक एकर चेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाचे उत्पादन निम्म्यावर आले आहे. वायनरी नव्या-जुन्या बागेला किलोमागे एकच दर देत असल्यामुळे थोरल्या बंधूंचा बाग काढण्याचा आग्रह आहे. दक्षिण आफ्रिकेच्या उष्ण भागात मात्र जुन्या वेलींच्या पांढऱ्या वाइनला अधिक भाव मिळतो, असे ऐकतो. ते गणित नाशिकला लागू पडेल का?

उत्तर (वाइननिर्मितीत कार्यरत)
आपण ऐकलेला भाग बहुधा स्वार्टलँड असावा. तेथे ग्रॅनाइटच्या झिजलेल्या मातीत चेनिनच्या जुन्या वेली मांडवाशिवाय, झुडपासारख्या आणि बहुतांशी पावसाच्याच पाण्यावर उभ्या आहेत. घड थोडे लागतात, पण रस दाट निघतो. शिवाय चेनिन उन्हातही आंबटपणा टिकवून धरते, म्हणून वाइन बेचव होत नाही. तेथील ‘ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट’ ३५ वर्षे वा त्याहून जुन्या बागांच्या बाटल्यांवर लागवडीचे वर्ष छापलेली मोहोर लावते आणि भाव त्या मोहोरेमुळेही मिळतो. अर्थात, वेली जुन्या म्हणून वाइन चांगली, की जागा मुळातच चांगली म्हणून कोणी त्या तोडल्या नाहीत, हा प्रश्न उरतोच.

उत्तर (निफाड)
एक फरक विसरू नये. तेथील वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते. आपली वेल एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि पावसाळा ओसरताना फळछाटणी, अशी वर्षातून दोनदा फुटते व पुरती कधीच विसावत नाही. त्यामुळे आपली २४ वर्षे तेथील २४ वर्षांसारखी मोजू नयेत. निर्णयापूर्वी सुटलेली साल सोलून पाहावी. खाली भुसा दिसला, तर उत्पादन वयाने नव्हे, खोडकिड्याने घटले आहे असे समजावे. ओलांडे (खोडाच्या आडव्या फांद्या) वाळले असले तरी खोड निरोगी असेल, तर कलमाच्या सांध्याच्या वर फुटलेली जोमदार काडी राखून नवे खोड तयार करता येते. मुळे जुनीच राहतात.

प्रश्नकर्ता
आज सकाळी साल काढून पाहिली. विहिरीकडच्या चार ओळींत भुसा सापडला, टेकाडावरच्या वेली मात्र स्वच्छ आहेत. त्या चार ओळी काढू. टेकाडावरचा माल यंदा वेगळ्या टाकीत आंबवण्याची विनंती वायनरीला करणार आहे. दर वाढवून मिळेल, असे बंधूंना अजूनही वाटत नाही.