मदत हवी आहे : रोज अर्धा तास, पण माळा कसा आवरू?

घटस्थापनेच्या आत घर आवरायचं ठरवलंय. डोंबिवलीतलं वन बीएचके, माणसं पाच. नोकरीमुळे अख्खा दिवस काढणं अशक्य, म्हणून रोज रात्री जेवणं झाली की अर्धा तास आणि एकच जागा. मसाल्यांचा कप्पा, औषधांचा डबा (मुदत संपलेलीच जास्त!), चपलांचं कपाट झालं. फ्रीजच्या दारातली सॉसची पाकिटं एकदाची गेली.

गाडी अडलीय ती माळ्यावर. तिथे सासूबाईंची पितळी पातेली, तांब्याचा बंब, पाहुण्यांसाठीच्या गाद्या आणि एक पत्र्याची ट्रंक आहे. ट्रंकेत जुन्या साड्या, कसर लागलेली लग्नपत्रिकांची चळत आणि फोटोंचे अल्बम. काही काढायला गेलं की आई म्हणतात, "राहू दे गं, लागतं कधीतरी." त्यांना दुखवायचं नाहीये. पण पावसाळ्यात गाद्यांना कुबट वास येतो, तो सहन होत नाही.

तर सांगा :

साड्यांच्या गोधड्या शिवून देणारं डोंबिवली-कल्याणकडे कुणी आहे का? बोहारणीला द्यायला आई तयार नाहीत, गोधडीला मात्र लगेच हो म्हणाल्या.

प्लास्टिकला चिकटलेले फोटो न फाटता कसे सोडवायचे?

पितळेला कल्हई करून रोज वापरता का कुणी? की उगाच हौस?

आणि रद्दीवाल्याकडे बँकेची जुनी पासबुकं तशीच देऊ नका, एवढं मीच सांगते. नाव, खाते क्रमांक सगळं असतं त्यात.