नव्या गावांच्या विकास आराखड्यात मोबाइलच्या अँटेनाला जागा का नसावी?

सूसगावकर (धागाकर्ता)
२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. सूस, म्हाळुंगे, वाघोली, मांजरी, पिसोळी... पाणी, ड्रेनेज, रस्ते यांवर आपण रोज भांडतो आणि भांडायलाच हवं. पण बावीस मजली इमारतीचा ताबा मिळाल्यावर कळतं की घरात फोनच लागत नाही. लोक गॅलरीत उभे राहून बोलतात. रात्री घरात कुणाला छातीत दुखायला लागलं तर १०८ ला फोन तरी कुठून लावायचा?

आज टॉवर कुठे येतो? ज्या सोसायटीची गच्ची भाड्याने मिळते तिथे. गरज दोन चौक पलीकडे असली तरी. माझं म्हणणं असं की शाळा, दवाखाना, अग्निशमन केंद्र यांच्यासारखं अँटेनालाही आराखड्यात आरक्षण हवं. पाण्याच्या टाकीचं आवार, क्षेत्रीय कार्यालय, मंडईची इमारत अशा पालिकेच्या जागांवर सर्व कंपन्यांचा मिळून एक मनोरा, आणि भाडं पालिकेला.

पिसोळीची_आई
ठाम विरोध. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मोबाइलच्या रेडिओ लहरी ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या २ब गटात टाकल्या. मंडईत आणि कार्यालयात दिवसभर माणसांची गर्दी असते, तिथेच मनोरा? आणि एकदा आरक्षण पडलं की हरकत घ्यायची सोयही गेली. आमच्या सोसायटीने सर्वसाधारण सभेत गच्ची नाकारली, तो हक्क मी सोडणार नाही.

सूसगावकर
ताई, गच्चीचा हक्क तुमचाच आहे. पण शेजारच्या इमारतीचं काय? केंद्राच्या टेलिकॉमसाठीच्या २०२२ च्या सुधारित नियमांपासून खासगी इमारतीवर टॉवर बसवायला पालिकेची परवानगीच लागत नाही. आधी कळवायचं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडायचा, बस. म्हणजे तुमच्या खिडकीसमोर अँटेना आली तर हरकत घ्यायला आजही जागा नाही. आराखड्यात निदान हरकती-सूचना मागवाव्या लागतात.

आरएफ_इंजिनिअर
नेटवर्क प्लॅनिंगमध्येच नोकरी करतो. मला दोघांचंही पटत नाही.

आधी ताईंना. २ब गट म्हणजे पुरावा मर्यादित आहे, आणि तो मुख्यतः कानाला लावलेल्या फोनबद्दलच्या अभ्यासांतला आहे. भारताने २०१२ साली टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ४.५ वॅट होती, ती ०.४५ झाली. अँटेनाचा झोत समोर जातो, किंचित खाली झुकलेला. त्यामुळे ज्या इमारतीवर ती असते तिथल्या वरच्या मजल्यापेक्षा समोरच्या, तेवढ्याच उंचीच्या इमारतीचा विचार आधी करावा लागतो. टॉवर लांब गेला की तुमचा फोन जोर लावून बोलतो, आणि तो मुलाच्या कानाला असतो. टॉवर दूर ढकलून हा संपर्क कमी होत नाही, वाढतो.

आता आरक्षण. आराखडा वीस वर्षांचा. ५जी मुख्यतः ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झवर चालतं. या लहरी काँक्रीटमधून आणि लेप दिलेल्या काचेतून जेमतेम आत शिरतात, म्हणून दाट वस्तीत दोन अँटेनांमधलं अंतर काहीशे मीटरच ठेवावं लागतं. आज नकाशावर ठेवलेला ठिपका चार इमारती उभ्या राहिल्या की चुकतो, आणि आरक्षित जागा पडून राहते. जागेपेक्षा रस्त्याखाली फायबरसाठी सामाईक डक्ट (केबल ओढायची नळी) आणि वीज असलेले मजबूत पथदिव्याचे खांब द्या. छोटे सेल, म्हणजे थोड्या टप्प्याच्या लहान अँटेना, खांबावर बसतात, गरजेप्रमाणे हलवता येतात. डांबर पडलं की केबलसाठी खोदाई सुरू होते, तीही थांबेल.

कोथरूडकर
एवढं सगळं करण्यापेक्षा वेताळ टेकडीवर एकच उंच मनोरा का नाही? कोथरूड, पाषाण, बाणेर, सगळं टप्प्यात.

आरएफ_इंजिनिअर
नाही चालणार. टेकडीवरची अँटेना अर्ध्या शहराला दिसते, म्हणजे अर्ध्या शहरातल्या बाकीच्या अँटेनांमध्ये तिचा व्यत्यय येतो. शिवाय तिची क्षमता हजारो फोनमध्ये वाटली जाते. टेकडी आहे तशी राहू द्या.

सूसगावकर
डक्टचं शंभर टक्के मान्य. पण फक्त खांबांवर भिस्त ठेवली तर पालिकेच्या हातात काय उरतं? २०२२ च्या नियमांत शहरातल्या एका खांबाचं शुल्क वर्षाला ३०० रुपये ठरलं होतं. त्यात खांबाची देखभालही निघत नाही. आणि छोट्या सेलवर मोठ्या अँटेनाचं छत्र लागतंच, हे तुम्हीही नाकारणार नाही. ते छत्र कुठे उभं राहील हे नगररचनेने ठरवावं, एवढाच माझा आग्रह.

आरएफ_इंजिनिअर
छत्र लागतं, बरोबर. मग ठिपका आखू नका, पट्टा आखा. ‘या तीनशे मीटरमध्ये पालिकेची कुठलीही इमारत’ असं असेल तर माझा विरोध नाही.

पिसोळीची_आई
वॅटचे आकडे कागदावर असतात. माझ्या घरात किती आहे ते कोण सांगणार? दूरसंचार खात्याच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर लहरींची मोजणी मागता येते, पण त्याचे ४००० रुपये मी भरायचे. टॉवरचं भाडं दुसऱ्याला आणि शंका फेडायचा खर्च मला? पालिकेच्या जागेवर मनोरा हवा असेल तर त्याच भाड्यातून दर वर्षी आजूबाजूच्या इमारतींत मोजणी करा आणि आकडा आमच्या फलकावर लावा. ही अट आराखड्यातच लिहिली तर मी हरकत मागे घेईन. तोवर सोसायटीचा ठराव कायम.