प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांनी शिकवावं का?

तालुक्यातला फिजिशियन
काल इथे वाचलं, 'प्रॅक्टिसवाल्यांना शिकवायला घेणं म्हणजे कॉलेजच्या रिकाम्या जागा कागदावर भरणं.' डोक्यातून जाईना. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२५च्या नियमांनुसार २२० खाटांच्या सरकारी रुग्णालयात १० वर्षं काढलेला स्पेशालिस्ट असोसिएट प्रोफेसर होऊ शकतो. त्यात बिघडलं काय? मुंबईत केईएम रुग्णालयात ऑनररींनीही, म्हणजे बाहेर प्रॅक्टिस करून मानद शिकवणाऱ्या डॉक्टरांनी, पिढ्या घडवल्या.
माझ्याकडे सुट्टीत मेडिकलच्या दोन मुली शिकायला येतात. परवा एकीने गार हात तसाच एका पेशंट मावशींच्या पोटावर ठेवला. पोट ताठ, वाढलेली स्प्लीन (प्लीहा) हाताला कुठली लागणार! म्हटलं, हात चोळ, मावशींना गुडघे दुमडू दे, श्वास घेऊ दे. बोटांना तिची कड लागली तशी ओरडलीच, "सर, लागली!" हे स्लाइडवर शिकवून दाखवा.

मेडिसिनवाली
ते मीच लिहिलं होतं. १० वर्षं पेशंट बघणं म्हणजे १० वर्षं शिकवणं नव्हे. आमच्या वेळी एक नावाजलेले सर्जन यायचे, राउंड पाच मिनिटांत उरकायचे. माझ्या लॉगबुकवर, म्हणजे शिकलेल्या कामांच्या नोंदवहीवर, त्यांच्या १४ सह्या आहेत. मला टाका घालताना त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

रातपाळी इंटर्न
शिकवायला कोणीही या, आम्ही वॉर्डात असतो कुठे? पहाटे रक्तं काढायची, नळ्या लॅबला पोचवायच्या, रिपोर्टसाठी खिडकीवर उभं राहायचं. परवा ट्रॉलीही मीच ढकलली.

सातारकर सर्जन
आम्हीही ढकलल्या. तुम्ही ड्युटीवर नीट-पीजी प्रवेश परीक्षेचे व्हिडिओ बघता, ते सांगा की.

रातपाळी इंटर्न
बघतो! माझी पुढची ब्रँच त्या परीक्षेच्या एमसीक्यूवर (पर्यायी प्रश्नांवर) ठरते, स्प्लीन लागण्यावर नाही. सलग ३० तास उभं राहून बघा, मग बोला.

सातारकर सर्जन
आवाज खाली. आईच्या ऑपरेशनच्या दिवशीही मी ड्युटी केलीय.

मेडिसिनवाली
ते तुमच्यावर लादलेलं चूकच होतं, सर. म्हणून याच्यावरही लादायचं? आणि वॉर्डबॉयच्या जागा रिकाम्या ठेवून मुलांना राबवणारे आमच्यासारखे पूर्णवेळ शिक्षकच आहेत. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये.

सातारकर सर्जन
ट्रॉलीचं मान्य. व्हिडिओचं नाही.

मेडिसिनवाली
फिजिशियनसाहेब, तुमचं अर्धंच पटतंय. विद्यार्थ्याला पोट तपासताना स्वतः बघितल्याशिवाय लॉगबुकवर सही करणार नाही, एवढं कबूल करा.

तालुक्यातला फिजिशियन
कबूल. आणि गुरुवारी दुपारी ओपीडी अर्धी ठेवतो. ज्याला यायचं त्याने यावं.

रातपाळी इंटर्न
गुरुवारी मला कॅज्युअल्टी आहे, सर. शुक्रवारी आलो तर चालेल?