७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर आयसी) प्रचंड तापतोय, थोड्या वेळाने ५ व्होल्ट टिकत नाहीत. काय करू?

घरी ५ व्होल्टचा सप्लाय बनवतोय, तपकीर गल्लीतून १२-०-१२ चा (मध्ये ०, दोन्ही टोकांना १२ व्होल्ट) १ अँपिअरवाला ट्रान्सफॉर्मर आणला, १२ आणि ० वापरून ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), पुढे १००० मायक्रोफॅरड/२५ व्होल्टचा कपॅसिटर आणि मग ७८०५. एकटा मस्त ५.०२ दाखवतो पण ईएसपी (वायफायवालं मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि दोन रिलेंचं बोर्ड लावलं (अर्धा अँपिअर घेतं साधारण) की पाच-सात मिनिटांत हात लावता येत नाही आणि मग व्होल्टेज खाली येतं, थंड झाला की परत सुरू. आयसी डुप्लिकेट आहे का?

कोथरूडकर:
आयसी बरोबर आहे रे, तापल्यावर स्वतःला बंद करतोय, त्याचं कामच आहे ते. हिशोब कर, १२ एसीचा पीक (सर्वोच्च व्होल्टेज) १७, ब्रिजमधले दोन डायोड १.४ खाणार म्हणजे कपॅसिटरवर १५ च्या आसपास, त्यातले ५ तू वापरतोस आणि उरलेले सगळे आयसी जाळतो. लोडवर कपॅसिटरचं व्होल्टेज वरखाली होतं (रिपल), म्हणून सरासरी १० नाही, ८ व्होल्ट धर, गुणिले अर्धा अँपिअर, ४ वॅट. हीटसिंक (उष्णता बाहेर सोडणारा धातूचा तुकडा) नसलेला ७८०५ प्रत्येक वॅटला साधारण ६५ डिग्री चढतो, आता तूच बघ! आधी ट्रान्सफॉर्मर ९ व्होल्टचा घे, मग छोट्या हीटसिंकवर भागेल. ६ चा मात्र घेऊ नकोस, ७८०५ ला आत किमान ७ लागतात, लोडवर ते टिकणार नाहीत.

सोल्डरगन:
एवढा उपद्व्याप कशाला, एलएम२५९६ चं बक मॉड्यूल (जास्तीचं व्होल्टेज न जाळता कमी करणारं तयार बोर्ड) लाव ना, स्वस्तात मिळतं, गरमही होत नाही. लोड जोडायच्या आधी मीटर लावून स्क्रू फिरवून ५ सेट कर, नाहीतर ईएसपी उडेल.

कोथरूडकर:
बक चांगलाच आहे पण पोरगं शिकतंय ना, एकदा ७८०५ कळू दे की.

पेठेतला काका:
ट्रान्सफॉर्मर बदलायचा नसेल तर कपॅसिटर आणि ७८०५ च्या मध्ये १० ओहम ५ वॅटचा तो पांढरा सिमेंट रेझिस्टर टाक, अर्धी उष्णता तो घेईल. पण मग १००० चा कपॅसिटर पुरणार नाही, अर्ध्या अँपिअरला ५ व्होल्टचा रिपल पडतो त्यावर, २२०० घे. हीटसिंक तरीही लागेलच. आयसीच्या पायांजवळ आत ०.३३ आणि बाहेर ०.१ मायक्रोफॅरड लावलेत का? नसतील तर लाव, लोक हे हमखास विसरतात. आणि बाळा, २३० च्या बाजूला फ्यूज टाक, जोडांवर स्लीव्ह चढव, पाटावर उघडं पसरून प्रयोग नकोत, घरात लहान मुलं असतात.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद काका, दोन्ही बारके कपॅसिटर नव्हतेच, लावतो. आयसी आणि हीटसिंकच्या मध्ये अभ्रक (वीज अडवणारा पातळ पत्रा) लागेल का? आणि ९ चा नाही मिळाला, ९-०-९ मिळाला तर?

पेठेतला काका:
७८०५ ची पाठ ग्राउंडच असते, प्लॅस्टिकच्या डब्यात अभ्रक नको, थर्मल पेस्ट लाव फक्त. ९-०-९ चालेल, ० आणि एक टोक वापर, दुसऱ्या टोकाला टेप मारून बाजूला ठेव, ते कुठे टेकता कामा नये.