जुलाब थांबल्यावर लघवी का आटते, आणि छाती साफ असून धाप का लागते?

आरोग्यसेविका_केज

नमस्कार मंडळी. विहिरी आटून टँकर सुरू झाले की वाड्या-तांड्यांवर हगवण-उलट्यांचे पेशंट वाढतात. ऊसतोडीहून परतलेली कुटुंबंही त्याच दिवसांत गावात असतात. आशाताईंच्या बैठकीत हे प्रश्न दरवेळी निघतात आणि मला ते नीट समजावून सांगायचे आहेत.

जुलाब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थांबतात, पण लघवी होत नाही. पोट बरं झालं, मग किडनीला काय झालं? आणि काही पेशंट खोल-खोल श्वास घेतात. खोकला नाही, ताप नाही, बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन ९८. घरचे म्हणतात दमा उठला. हा दमाच आहे का? अशा वेळी घरी काय द्यायचं, काय बंद ठेवायचं आणि कधी थेट १०८ बोलवायची?

फिजिशियन_लातूर

ताई, ही एकच साखळी आहे, म्हणून पोटापासूनच सांगतो.

आपण पितो ते साधारण २ लिटर आणि लाळ, जठर, पित्त, स्वादुपिंड व आतड्याचे रस मिळून ७ लिटर, असं रोज जवळपास ९ लिटर पाणी लहान आतड्यात उतरतं. शौचावाटे बाहेर जातं ते जेमतेम १०० ते २०० मिली. बाकी सगळं रक्तात परत शोषलं जातं. हगवणीत हे शोषण बिघडतं, आणि कॉलऱ्यासारख्या आजारात आतडं उलट पाणी सोडायला लागतं. जोराच्या कॉलऱ्यात मोठ्या माणसाचं तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. त्या पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल मारणारा क्षार) हेही जातं. हे बायकार्बोनेट लक्षात ठेवा, धापेचं मूळ तिथंच आहे.

आता किडनी. हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा दोन्ही किडन्यांत जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर गाळलं जातं आणि त्यातलं लिटर-दीड लिटर लघवी म्हणून बाहेर पडतं. अंगातलं पाणी घटलं की किडनी ते धरून ठेवते. लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. इथवर किडनी आपलं काम चोख करत असते, तिला आजार झालेला नसतो. रक्तदाब पडला तरी गाळणीतला दाब टिकवायची तिची युक्ती आहे: रक्त आणणारी नळी प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर रुंद ठेवायची आणि बाहेर नेणारी नळी अँजिओटेन्सिनच्या जोरावर आवळायची (दोन्ही शरीरातलीच रसायनं). अंगदुखीची गोळी पहिली सोय मोडते, बी.पी.च्या काही गोळ्या दुसरी.

रक्ताचा हा तुटवडा लांबला तर किडनीतल्या बारीक नलिकांच्या पेशी मरतात, सुटतात आणि नलिकेतच तुंबतात. त्यानंतर कितीही पाणी दिलं तरी लघवी लगेच सुरू होत नाही. पेशी नव्यानं तयार व्हायला बहुतेकदा एक ते तीन आठवडे लागतात. जुलाब थांबूनही लघवी येत नाही ती यामुळे. आणखी एक गोष्ट आशाताईंना आवर्जून सांगा. जुलाब थांबले पण पोट फुगलं, वारा सरत नाही, तर तो सुधार समजू नका. पोटॅशियम घसरलं की आतडी सुस्तावतात आणि पाणी पोटातच साठतं.

धापेचं असं आहे. बायकार्बोनेट गेल्यामुळे रक्तात आम्ल वाढतं. एरवी जास्तीचं आम्ल किडनी बाहेर टाकते, पण ती आधीच बंद पडत आलेली. मग शरीराकडे एकच वाट उरते: फुप्फुसांतून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर टाकून आम्ल कमी करायचं. म्हणून श्वास खोल आणि एका लयीत चालतो, ऑक्सिजन उत्तम दिसतो आणि स्टेथोस्कोपला छाती स्वच्छ ऐकू येते. हा दमा नाही. दम्यात श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. इथं पंप मारून भागत नाही, पाणी आणि क्षार भरून काढावे लागतात.

याच पेशंटला दोन दिवसांनी वेगळी धाप लागू शकते. लघवी बंद आणि सलाईन मात्र चालू, असं झालं की पाणी फुप्फुसांत उतरतं. तेव्हा माणूस आडवा पडू शकत नाही, उठून बसतो, ऑक्सिजन ९४ च्या खाली घसरायला लागतो, छातीच्या खालच्या भागात बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येतो, पायावर सूज दिसते. पहिल्या धापेला पाणी हवं, दुसरीला पाणी बंद हवं. म्हणूनच पाण्याचा आणि लघवीचा हिशेब कागदावर असावा असं मी इतकं सांगत असतो. पेशंट गुंगीत असताना उलटी श्वासनलिकेत गेली तर न्यूमोनिया होतो, ती तिसरी धाप. अशा माणसाला डाव्या कुशीवर ठेवा आणि तोंडानं काहीही पाजू नका.

मेडिकल_जालना

डॉक्टरांनी गोळ्यांचा उल्लेख केला, त्यात भर घालतो, कारण काउंटरवर खरी गडबड इथंच होते.

डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नायमेसुलाइड या सगळ्या अंगदुखीच्या, एकाच जातीच्या. एसिक्लोफेनॅक किंवा नायमेसुलाइड पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत येतं आणि लोकांना वाटतं साधी तापाची गोळी आहे. पट्टीमागचं बारीक अक्षर वाचा. सगळ्यात फसवी असते ती मुरड्याची गोळी. पोटात कळ आली की मागून नेतात, आणि त्यात डायसायक्लोमिनसोबत मेफेनॅमिक अ‍ॅसिड असतं. म्हणजे ऐन हगवणीत किडनीला नको तेच औषध पोटदुखीच्या नावानं पोटात जातं. ताप किंवा अंगदुखीला नुसतं पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, सहा-सहा तासांनी, पुरतं.

बी.पी.च्या गोळ्यांत टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल आणि लघवीच्या गोळ्या (हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, टॉर्सेमाइड) यांच्याकडे लक्ष द्या. गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल तर बहुधा त्यात लघवीचं औषध मिसळलेलं असतं. बी.पी.ची गोळी, लघवीची गोळी आणि अंगदुखीची गोळी एकत्र आल्या आणि वर जुलाब, तर किडनी बसायला वेळ लागत नाही. शुगरवाल्यांत मेटफॉर्मिननं आम्ल आणखी वाढू शकतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिननं शुगर फार वाढलेली नसतानाही कीटोन (रक्तात आम्ल वाढवणारे पदार्थ) होतात. ग्लिमेपिराइड उपाशीपोटी शुगर पाडतं. जोरात जुलाब-उलट्या चालू असताना या गोळ्या डॉक्टरांना फोन करून थांबवून घ्याव्यात. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही, डोस विचारायचा.

जुलाब थांबवणारी लोपेरामाइड रक्त पडत असेल, ताप असेल किंवा पेशंट लहान मूल असेल तर देऊ नये.

आरोग्यसेविका_केज

खूप उपयोगी. आता पाजण्याचं सांगा. घरोघरी कोण ग्लासभर पाण्यात ओआरएसची (जुलाबात पाजायच्या क्षार-साखरेची) अख्खी पुडी टाकतं, कोण नुसतं नारळपाणी देतं, कोण मेडिकलमधून गोड पाण्याचा डबा आणतं. आणि ‘एक ताकदीचं सलाईन लावा’ हा आग्रह तर ठरलेलाच.

फिजिशियन_लातूर

पुडी किती ग्रॅमची आहे ते आधी बघायचं. मोठी पुडी साडेवीस ग्रॅमच्या आसपास असते, ती पूर्ण १ लिटरसाठी. सव्वाचार ग्रॅमच्या आसपासची छोटी पुडी २०० मिलीसाठी. मोठी पुडी ग्लासात टाकली की पाणी इतकं खारट-गोड होतं की आतडं ते शोषण्याऐवजी रक्तातलं पाणी आत ओढतं. जुलाब वाढतात, रक्तातलं सोडियम चढतं, लहान मुलाला झटके येऊ शकतात. उलट दीड-दोन लिटरमध्ये कालवली तर क्षार कमी पडतात.

मोठ्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. ग्लुकोज गोडीसाठी नसतं. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. कॉलऱ्यातही ही वाट शाबूत राहते, म्हणून पुडी चालते. सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं, म्हणजे धापेच्या मुळावरच औषध. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी वापरून हजारो जीव वाचवले. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, शीग लावायची नाही. कालवलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या.

मोठ्या माणसाला दर जुलाबामागे २०० मिली किंवा मागेल तेवढं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा घोट-घोट. पाणी बऱ्यापैकी घटलेलं असेल, म्हणजे तोंड कोरडं, डोळे खोल, तहान जोराची, तर पहिल्या ४ तासांत किलोमागे ७५ मिली. ५० किलोच्या बाईला पावणेचार लिटर होतात.

डबाबंद गोड पेयांत साखर जास्त आणि सोडियम कमी असतं, ते हगवणीचं औषध नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला मनाई केली. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. लघवी चालू असताना पुडीच्या जोडीला ठीक. लघवी थांबलेल्याला मुळीच नको, पोटॅशियम रक्तात साठून हृदय थांबू शकतं. मोसंबी रसाचंही तेच. मीठ घातलेलं ताक आणि तांदळाची पेज चांगली.

‘ताकदीचं सलाईन’ म्हणजे बहुतेक वेळा ५ टक्के डेक्स्ट्रोज. त्यातली साखर जळून गेली की नुसतं पाणी उरतं, रक्तवाहिन्यांत टिकत नाही, क्षारही नाहीत. हगवणीला पहिली निवड रिंगर लॅक्टेट, कारण लॅक्टेटचं यकृतात बायकार्बोनेट होतं. ते नसेल तर नॉर्मल सलाईन. नाडी लागत नाही, पेशंट गुंगीत आहे, अशा वेळी किलोमागे १०० मिली लागतं: ३० मिली पहिल्या अर्ध्या तासात आणि ७० मिली पुढच्या अडीच तासांत. वर्षाच्या आतल्या बाळाला हेच १ तास आणि ५ तास असं. ५० किलोला ५ लिटर, म्हणजे ५०० मिलीच्या १० बाटल्या! एक बाटली लावून घरी पाठवणं म्हणजे उपचार नाही. हृदयाचा किंवा किडनीचा जुना पेशंट असेल तर मात्र इतक्या वेगानं नाही, थोडं देऊन पुन्हा-पुन्हा छाती तपासत.

लॅब_परभणी

क्रिएटिनिनबद्दल (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) एक गैरसमज दूर व्हायला हवा. किडनीचं काम आज थांबलं तरी क्रिएटिनिन चढायला २४ ते ४८ तास लागतात. त्यामुळे पहिल्या दिवसाचा १.१ बघून निर्धास्त होऊ नका. दोन दिवसांत ०.३ नं वाढलं तरी ती किडनीला इजा धरतात. ०.७ चं १.१ झालं तर रिपोर्टवर ते ‘नॉर्मल’च्या चौकटीत दिसतं, पण वाढ खरी असते. म्हणून जुना रिपोर्ट सोबत पाठवा.

लघवीचा नमुना सलाईन लावण्याआधीचा मिळाला तर सोनं. घनता १.०२० च्या वर असेल तर किडनी अजून पाणी धरते आहे. १.०१० च्या आसपास अडकली आणि सूक्ष्मदर्शकाखाली मातकट तपकिरी साचे (नलिकेत तुंबून तिच्याच आकाराचे झालेले तुकडे) दिसले तर नलिका मेल्या आहेत.

उन्हात दिवसभर राबलेल्याची लघवी कोऱ्या चहासारखी असेल तर वेगळा विचार करा. लघवीच्या तपासपट्टीवर रक्त दाखवतं पण सूक्ष्मदर्शकात तांबड्या पेशी नसतात, तेव्हा ते स्नायूतलं मायोग्लोबिन असू शकतं. स्नायू फुटून हे किडनीत अडकतं. तिथं सीपीके (स्नायू फुटल्याचं दाखवणारी रक्ताची तपासणी) करायला सांगा. आणि पोटॅशियमसाठी रक्त काढताना दंडाचा पट्टा फार वेळ आवळू नये, मूठ उघडझाप करायला लावू नये, आकडा खोटा चढतो.

बालरोग_नांदेड

मुलांचं थोडक्यात. २ वर्षांखाली दर जुलाबामागे ५० ते १०० मिली, वाटी-चमच्यानं. ६ महिन्यांपुढे झिंक २० मिग्रॅ १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, बाळ शांत असताना: २ महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, ५ वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे वेगाचा श्वास. खोकला असेल तर न्यूमोनियाकडे बघा.

रक्ताची हगवण होऊन गेल्यावर आठवडाभरानं मूल अचानक पांढरं पडलं, अंगावर बारीक लाल ठिपके, लघवी कमी, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. काही जिवाणूंचं विष रक्तवाहिन्यांचं अस्तर खरवडतं, प्लेटलेट घसरतात, तांबड्या पेशी फुटतात आणि किडनी बंद पडते.

आरोग्यसेविका_केज

१०८ कधी आणि लघवी घरी मोजायची कशी, एवढं सांगा. थांबवलेल्या गोळ्या परत कधी सुरू करायच्या, तेही.

फिजिशियन_लातूर

पाण्याची रिकामी लिटरची बाटली घ्या, १००-१०० मिली ओतत बाहेरून खुणा करा. किलोमागे तासाला अर्धा मिली ही खालची हद्द. ६० किलोच्या माणसाला ६ तासांत १८० मिली व्हायलाच हवी. पुरेसं पाजूनही ६ तास त्याखाली राहिली तर हलवा. दिवसात ४०० मिलीखाली असेल तर थांबणं नको.

खोल श्वास, गुंगी, उचकी न थांबणं, आडवं न होता येणं, नाडी न लागणं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८. दवाखाना निवडताना डायलिसिस आणि पोटॅशियमची तपासणी दोन्ही कुठं आहे ते आधी फोनवर विचारा. घाटी (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय), अंबाजोगाई, लातूर, नांदेड यांतलं जवळचं बघा. सोबत कागदावर तीन गोष्टी लिहून द्या: शेवटची लघवी किती वाजता झाली, किती पाजलं, कोणत्या गोळ्या पोटात गेल्या. पट्ट्या मिळाल्या तर त्याच पिशवीत घाला. डायलिसिस एक-दोन वेळा लागलं म्हणजे जन्माचं लागलं असं नसतं, नातेवाइकांना हे आधीच सांगा, नाहीतर घाबरून पेशंट घरी नेतात.

गोळ्या: नीट खाणं-पिणं सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की, डॉक्टरांना विचारून. किडनीला इजा झाली होती तर आधी क्रिएटिनिन करून, आणि ३ महिन्यांनी क्रिएटिनिन व लघवीतली प्रथिनं पुन्हा.